त्रेचाळीस नावांचं पान

"या दोनांतलं एक पान खोटं आहे," धनंजय आरोलकर म्हणाला, "आणि ते कुणी घुसडलं हे मला शुक्रवारच्या आत कळायला हवं."

मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये टेबलावर दोन पिवळी पानं होती. विशाखा टिपणीसने आधी खोलीतल्या माणसांकडे नजर टाकली. वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडल्यावर नोकरी सुटते, खोड सुटत नाही. सोबत आलेला विल्सन तुस्कानो वसईचा, हॉटेलात रिसेप्शनवर. त्याला बिचाऱ्याला सगळेच निर्दोष वाटत.

धनंजयच्या आईचे वडील बाळकृष्ण युद्धाच्या काळात मलायात रबराच्या मळ्यावर कारकून होते. जपान्यांनी मलाया जिंकला आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वे बांधायला मळ्यांवरचे तमिळ मजूर उचलून नेले. हजारो परतलेच नाहीत. बाळकृष्णांची त्या दिवसांतली डायरी धनंजय शुक्रवारी मराठी मंडळात वाचणार होता.

मूळ मलेशियाची हाफिजा ओमानच्याच सलालाह शहरात शाळेत शिकवायची. तिचे तमिळ आजोबा मोहिदीन त्याच मळ्यावरून उचलले गेले होते. मंगळवारी ती डायरीचे फोटो काढायला आली, तेव्हा पुठ्ठ्याच्या अस्तरातून एक सुटं पान खाली पडलं. १२ जून १९४३ ची आता दोन पानं झाली.

डायरीतलं पान म्हणत होतं: 'सातच्या हजेरीला लख्ख ऊन पडलं होतं. जपानी साहेबाने नावं मागितली. दिली नाहीत. मार खाल्ला.'

सुटं पान म्हणत होतं: 'सातची हजेरी. साहेबाला यादी दिली.' खाली त्रेचाळीस नावं, त्यांत मोहिदीनचंही. शेवटी एक ओळ: 'मीरेचा ताप उतरला.'

"अक्षर तर एकच दिसतंय," विल्सन म्हणाला.

"या बाईनेच टाकलं असणार," धनंजय हळूच म्हणाला. "आजोबांना गद्दार ठरवायला."

समोर बसलेल्या हाफिजाने ते ओळखलं. ती इंग्रजीतच बोलली. "मला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही. लिहू कशी? तुमच्या घराने पान लपवलं, असं मला वाटतं. माझ्या वडिलांना मरेपर्यंत एकच कळायला हवं होतं, अप्पांना, म्हणजे माझ्या आजोबांना, जपान्यांच्या हाती कुणी दिलं."

शेजारची ब्रेंडा डायरी टाईप करून देत होती. विशाखाने तिला बोलावून घेतलं.

"मॅडम, ते जुनं अक्षर माझ्या डोक्यावरून जातं. मीरामावशी वाचायच्या, मी टाईप करायचे. जूनच्या पानांवर आलो तेव्हा त्या म्हणाल्या, पानं चिकटलीयत, नंतर बघू. आठवड्याने सांगितलं तेच मी टाईप केलं."

धनंजयच्या आई, चौऱ्याऐंशी वर्षांच्या मीराबाई स्वयंपाकघरात लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवत होत्या. "कशाला बोलावलंस रे यांना?" त्या मुलावर खेकसल्या. "चांगलं पान आहे ना डायरीत? मग खलास!"

"लिहायला कुणी शिकवलं तुम्हाला?" विशाखाने विचारलं.

"बाबांनी. मलायातून परतल्यावर, हात धरून."

बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं होती, एक मस्कतचं, दुसरं दीड तास पुढचं. मीराबाई रोज त्यात बघून रत्नागिरीला बहिणीला फोन लावायच्या. विशाखा घड्याळांसमोर उभी राहिली, विल्सन डायरी चाळत बसला.

"कंटाळवाणं आहे हो. बेचाळीसपासून रोज 'सातची हजेरी, कंदील घेऊन गेलो.' मे असो की डिसेंबर. त्याआधीही हजेरी सातचीच, पण कंदील कुठेच नाही. आणि मागचं एक कोरं पान फाडलेलंय."

"यल्ला, चल विल्सन, सगळ्यांना बोलाव," विशाखा म्हणाली.

सगळे जमले.

"मलायात वर्षभर दिवस जवळजवळ सारखाच असतो," तिने सुरुवात केली. "मग सातला उजाडायचं ते बेचाळीसपासून उजाडेना, असं का? सूर्य तोच होता, घड्याळ बदललं. जपान्यांनी जिंकलेल्या मुलखाला टोकियोची वेळ लावली. मलायासाठी ती दीड तास पुढे होती, या भिंतीवर आहे तेवढीच. घड्याळात सात म्हणजे खरे साडेपाच. बारा जूनला सातच्या हजेरीला लख्ख ऊन पडणं शक्यच नाही. खोटं आहे ते डायरीतलं 'चांगलं' पान."

धनंजयचा चेहरा पडला. "पण लिहिलं कुणी?"

"हाफिजाला मराठी येत नाही. ब्रेंडाला ते अक्षर वाचताही येत नाही. तुम्हाला खोटं दडवायचं असतं तर मला बोलावलं नसतं. जूनचं पान आठवडाभर कुणी अडवलं? बाबांचं वळण कुणाच्या हातात आहे? बरणीवरची चिठ्ठी या पानाशेजारी ठेवून बघा."

मीराबाईंनी पदराने डोळे टिपले.

"खरं पान डायरीतून कापलं, मागच्या कोऱ्या पानावर दुसरं लिहून तिथे चिकटवलं, पण खरं फाडवेना. बाबांचं अक्षर होतं. म्हणून अस्तरात ठेवलं."

"मावशी, वडिलांची अब्रू राखायला ना?" विल्सन कळवळून म्हणाला.

"शेवटची ओळ वाच," विशाखा म्हणाली. "युद्धात हिवतापावरचं कोयनेल होतं कुणाकडे? साहेबाकडेच. त्याच दिवशी यादी गेली, त्याच दिवशी ताप उतरला."

"तीन वर्षांची होते मी," मीराबाई म्हणाल्या. "मरताना बाबांनी सांगितलं. एका पोरीच्या गोळ्यांसाठी त्रेचाळीस माणसं. त्यांच्या नातवंडांसमोर मी जिवंत कशी बसू?"

धनंजयने अडखळत ते हाफिजाला इंग्रजीत सांगितलं. ती रागावली होती आणि राग कुणावर काढावा ते तिला कळत नव्हतं.

"आई, शुक्रवारी मी काय वाचू?"

"हेच. आणि वाचणार मी." त्यांनी सुटं पान उचलून हाफिजाच्या हातात दिलं. "पण पान आधी तिचं."

हाफिजाने त्या अनोळखी अक्षरांवरून बोट फिरवलं. "यात माझे अप्पा कुठे आहेत?" तिने धनंजयला विचारलं.

तो वाकून शोधू लागला. मीराबाईंचा चष्मा स्वयंपाकघरातच राहिला होता. अप्पा हा एवढाच शब्द त्यांना कळला.

"सतरावे," त्या पानाकडे न बघताच म्हणाल्या.