तेरावी फासकी

पौषात सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, दंव इतकं पडतं की सकाळी वाळलेलं गवत मीठ पसरल्यासारखं पांढरं दिसतं. त्यावरून कुणी चाललं की मागे काळपट वाट उमटते. ऊन वर आलं की दंवही जातं आणि वाटही. भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे जाताना वर जो कातळाचा सडा लागतो, त्याच्या कडेला गंगा आणि काशीराम यांचं घर होतं. घराखाली भात कापून झालं की ते तिथे कलिंगडं लावत. रोपांची कोवळी पानं ससे कुरतडत, फळ धरलं की कोल्हे येत. म्हणून काशीराम दर हिवाळ्यात सड्यावर फासक्या लावायचा.

मोटरसायकलच्या क्लचची जुनी तार, तिला सरकता फास, आणि जमिनीत घट्ट मारलेली खुंटी, एवढीच ती वस्तू. सशासाठी फास मुठीएवढा, जमिनीपासून चार बोटं वर. कोल्ह्यासाठी वीतभर वर. काशीराम बारा फासक्या लावायचा, ना एक कमी ना एक जास्त, आणि पहाटे उजाडता उजाडता बघून यायचा. हे सगळं बेकायदा होतं. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावात असल्याच एका तारेत बिबट्या अडकून मेला आणि तार लावणारा तुरुंगात गेला. तेव्हापासून काशीरामने बायकोला बजावलं होतं, "कुणी कितीबी विचारलान तरी फासकीचं नाव काढायचं नाय."

त्या मंगळवारी तो सहाला गेला. एरवी साडेसातला चहाला परत यायचा. नऊ वाजले तशी गंगा वर गेली. गडग्यापाशी, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणापाशी, त्याच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. शेजारी बॅटरी पडली होती, आणि भर उन्हात ती चालू होती. गंगाने ती विझवली. हाका मारून घसा बसला, तेव्हा ती खाली आली आणि पोलीस पाटील अनिलदादांच्या दारात उभी राहिली.

"काकी, कुठल्या बाजूला गेले होते?" अनिलदादांनी विचारलं.

गंगाच्या डोळ्यांपुढे त्या बारा तारा आल्या. जप्ती, जीप, बेड्या. तो दुपारपर्यंत येईलच, असंही तिला वाटत होतं.

"खाडीकडं," ती म्हणाली. "मासे बघाय गेले."

दोन दिवस अख्खी वाडी खाडीचा काठ धुंडाळत होती. होड्या घातल्या, चिखलात माणसं कमरेपर्यंत उतरली. गंगा काठावर बसून हे बघत होती, आणि माणसं चुकीच्या जागी शोधतायत हे तिथे एकट्या तिलाच ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी मुलगा निलेश मुंबईहून आला, तेव्हा तिचा बांध फुटला. तिने त्याला सगळं सांगितलं. निलेश एवढंच म्हणाला, "दोन दिवस, आये."

त्याने अनिलदादांना सड्याकडे वळवलं. रत्नागिरीहून कुणाचा तरी ड्रोन आणवला. करवंदीची जाळी, जांभ्या दगडाच्या जुन्या चिरेखाणी, पाण्याने भरलेले खड्डे, सगळं पालथं घातलं. ज्यांना तारा दिसल्या त्यांनीही त्यांचं नाव काढलं नाही. चपलांपुढे एक पाऊलही मिळालं नाही. माणसांच्या तुडवण्याने काही राहिलंच नसेल, असं अनिलदादा म्हणाले.

शनिवारी शोध थांबला. रविवारी पहाटे गंगा एकटीच वर गेली आणि बाराच्या बारा फासक्या उपटून पिशवीत घालून घेऊन आली. निलेशने ती पिशवी दुपारी भाट्याच्या पुलावरून खाडीत टाकली.

सोमवारी पहाटे ती पुन्हा गेली. शोधायला म्हणून गेली, पण खरं सांगायचं तर घरात बसवत नव्हतं म्हणून. धुकं दाट होतं. समुद्राचा आवाज खालून यायचा तो आता चारी बाजूंनी येत होता. पहिल्या खुंटीच्या जागी ती थांबली. तिथे खुंटी होती, आणि खुंटीला तार.

तारेत एक ससा बसला होता. फास गळ्याभोवती होता, पण आवळलेला नव्हता. ससा धडपडत नव्हता, नुसता बसला होता. गंगाने हात लावला. सभोवतालच्या गवतातून पाणी ठिबकत होतं आणि सशाचे केस मात्र चुलीशेजारी वाळत घातल्यासारखे कोरडे होते. तिने फास काढला. ससा पळाला नाही. तिच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत राहिला. तिने वळून पाहिलं, तर नुसतं धुकं.

त्या दिवशी तिने बाराही तारा पुन्हा काढल्या. मंगळवारी त्या पुन्हा होत्या. आता फास मोठे होते आणि वीतभर उंचीवर होते. चौथ्या तारेत एक कोल्हा बसला होता, तसाच शांत, तसाच कोरडा. आणि दंवात पावलं उमटली होती. अनवाणी, रुंद, उजव्या पायाची करंगळी नसलेली. ती करंगळी नांगराखाली गेली तेव्हा चिंधी बांधायला गंगाच होती. पावलं पांढऱ्या गवताच्या मधोमध कुठूनही न येता सुरू झाली होती. एका तारेपासून दुसरीपर्यंत गेली होती. बाराव्या तारेपाशी जशी सुरू झाली तशीच संपली होती.

ती धावत खाली आली आणि निलेशला घेऊन गेली. त्याला पटवून वर पोचेपर्यंत दहा वाजले होते. ऊन लखलखीत, गवत पिवळंधम्मक. तिथे ना पाऊल होतं, ना तार. खुंटीची भोकंदेखील नव्हती.

"आये, हात दाखव," निलेश म्हणाला.

तिने हात पुढे केले. बोटांवर तारेचे ताजे, बारीक कापे होते.

"काढताना लागलं मला."

"काढताना, का लावताना?" त्याने हे हळू विचारलं. रागाने नाही. रागाने विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. "तू चार दिवस झोपलेली नाहीस. गुरुवारी आपण मुंबईला जायचं. तिकिटं काढलीत मी."

"आणि ते आले म्हंजे?"

निलेश तिचा हात धरून खाली उतरू लागला.

बुधवारी फास गुडघ्याएवढ्या उंचीवर होते. पुढचे कमरेएवढ्या. खुंट्या जाऊन त्यांच्या जागी माणसाच्या उंचीच्या काठ्या रोवलेल्या होत्या. एकाही तारेत काही अडकलेलं नव्हतं. एवढ्या उंचीवर चालणारं कुठलं जनावर सड्यावर आहे, असा विचार करत गंगा उभी होती, आणि तिची नजर खाली गेली. रोज येऊन जाऊन तिच्याच पायांनी गवतात एक वाट पडली होती. बाराही फासक्या त्या वाटेवर होत्या.

शहाणी बाई तिथूनच परत फिरली असती. गंगाही फिरली. घरी आली, भाकऱ्या थापल्या, निलेशने सांगितलं तशी बॅग भरली. भरता भरता काशीरामचा एक सदरा हातात आला. तो तिने आत ठेवला, बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला. आठ दिवसांत तिला नीट रडू आलं नव्हतं. आताही आलं नाही. काशीराम गेला असता तर तिने कपाळ पुसलं असतं, दिवस घातले असते. पण तो गेला नव्हता. तिने चुकीची दिशा दाखवली म्हणून तो अजून कुठेतरी वाट बघत उभा होता, हे तिच्या मनातून जाईना.

गुरुवारी गाडी दहाची होती. निलेश अंघोळीला गेला तशी ती मागच्या दाराने निघाली.

धुकं असं होतं की स्वतःचा हात दिसेना. ती पायांनीच वाट ओळखत गेली. मोजत गेली. एक, दोन, तीन. फास पोटाशी. सात, आठ. फास छातीशी. प्रत्येक तारेला वळसा घालून ती पुढे गेली. बारा.

बाराव्यानंतर काही नसायला हवं होतं.

तेरावी फासकी तिच्या गळ्याच्या उंचीवर होती. फास सुपाएवढा. डोकं सहज आत जावं एवढा.

त्या फासाच्या आत धुकं नव्हतं.

आत स्वच्छ ऊन होतं. पिवळं गवत होतं. आणि तीन हातांवर काशीराम उभा होता, हातात कोयता, मंगळवारचाच सदरा.

"गंगे," तो म्हणाला. "किती वेळ लावलास."

"या ना अवो. घरी चला."

"मला नाय येता येत. मी कदीपासनं बघतंय. ह्या बाजूनं नाय होत." त्याचा आवाज रडवेला झाला. सत्तावीस वर्षांत तिने तो तसा ऐकला नव्हता. "तू ये. डोकं घाल आन् ये."

तिने फासाकडे पाहिलं. गाठ काशीरामचीच होती, डाव्या हाताने पिळलेली.

"तुमी लावलाव ही?"

त्याने नजर गाठीवरून वळवली.

"सांगा ना. तुमी लावलाव?"

"मला लावाय सांगतात," तो म्हणाला.

"कोण?"

काशीरामने मागे बघितलं. मग पुन्हा तिच्याकडे.

गंगाने मान घातली नाही. तिने उजवा हात घातला. खांद्यापर्यंत.

पलीकडे उबदार होतं. त्याचं मनगट सापडलं. कोरडं.

तिने ओढलं.

तार सरसर आवळली. दंडात रुतली. ती ओरडली नाही. पाय कातळाला रोवले, डाव्या हाताने काठी धरली आणि ओढत राहिली. पलीकडूनही कुणीतरी ओढत होतं. सावकाश. घाई नसल्यासारखं.

मग एकदम ते सुटलं.

निलेशला दोघं गडग्याला टेकून बसलेले सापडले. ऊन वर आलं होतं. गंगाच्या दंडातून रक्त वाहत होतं आणि तिने काशीरामचा हात दोन्ही हातांत धरला होता. तिची मूठ सोडवायला निलेशला बोटं एकेक करून उघडावी लागली. मग तोच बापाच्या गळ्यात पडून लहान मुलासारखा रडला.

काशीरामला काही आठवत नव्हतं. "फासक्या बघाय गेलो, बघून आलो," एवढंच तो म्हणायचा. डॉक्टरांनी तपासलं. थोडा अशक्तपणा, बाकी काही नाही. नऊ दिवस खाल्ल्याप्यायल्याशिवाय माणूस असा राहत नाही, कुठेतरी डोकं फिरून भटकला असेल, असं ते म्हणाले. अनिलदादांनी कागद केले. वाडीने देवळात नारळ फोडला. बायका गंगाला बघून डोळे पुसत होत्या. निलेशने तिकिटं रद्द केली. मुंबईला फोन करून तो हसत बोलत होता, तो आवाज गंगा अंगणातून ऐकत होती. दंडाला सात टाके होते आणि ते ठणकत होते. तिला तेही गोड वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी काशीराम जेवला. भात नको म्हणाला. माठाची पालेभाजी मात्र तीनदा मागून घेतली. मग ओटीवर चटई टाकून आडवा झाला. गंगा शेजारी बसली. माश्या येऊ नयेत म्हणून पदराने वारा घालत राहिली. इतक्या दिवसांनी तिच्याही डोळ्यांवर झापड येत होती.

त्याचा श्वास लयीत आला. संथ, खोल, गाढ झोपेतला.

डोळे उघडे होते.

तिने त्यांच्यापुढे हात हलवला. पापणी लवली नाही.

खालच्या रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली. काशीराम तसाच झोपलेला होता. फक्त त्याचा एक कान, आणि मग दुसरा, हळूच रस्त्याच्या बाजूला वळला.