नकोबा आणि माझा कॉम्प्युटर

मी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी काउंटरवर ठेवली, आणि समोरच्यानं कानामागची पेन्सिल काढून पहिल्याच ओळीवर काट मारली.

"हे नको."

"का?"

"महाग आहे, आणि तुमच्या उपयोगाचं नाही."

खरं तर मला शेजारच्या दुकानात जायचं होतं. ते जेवणासाठी बंद होतं, म्हणून इथे शिरले. आणि हा माणूस विकायचं सोडून खोडतच सुटला. तिसऱ्या ओळीत मी दिवे लागणारी रॅम लिहिली होती, घडीघडी रंग बदलणारी. त्यावर तो थांबला. तोंड गंभीर, पण डोळे हसत होते.

"हीसुद्धा नको. ते पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, खेळ त्याच्यावर पळतो. रॅम आत असते, तिच्याकडे कोण बघणार?"

"मी बघेन."

"बघायला छानच काही हवं असेल तर आरशात बघा. फुकट पडेल."

बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. कान लालबुंद. पेन्सिल खाली पडली, ती शोधायला तो काउंटरखाली गेला तो बराच वेळ वर आला नाही.

मी मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं... नकोबा.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांचे दात हातात असतात, आणि घरी आल्यावर मला फक्त एक गोष्ट हवी असते — खेळायला. आजवर आतेभावाच्या कॉम्प्युटरवर "एकच डाव, प्लीज" करत दिवस काढले. आता दोन वर्षांची शिल्लक गाठीशी होती. ती एकदाच खर्च होणार होती, म्हणून एकही चूक परवडणार नव्हती.

त्यानंतर तीन शनिवार मी त्या दुकानात गेले. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा आणि गरम प्लास्टिकचा वास, मागे पंखा, आणि काउंटरवर कोपरं टेकून आम्ही दोघं. तो प्रोसेसर निवडायचा, मी वाद घालायची. तो "नको" म्हणायचा, मी "का" विचारायची. त्याला 'का' विचारलेलं आवडायचं. समजावताना तो इतका रंगून जायचा की मागचं गिऱ्हाईक खाकरायला लागायचं. मालक एकदा म्हणालेही, "असले दोन विक्रेते असते तर दुकानाला टाळंच लागलं असतं."

तिसऱ्या शनिवारी घोडं मदरबोर्डावर अडलं. नवा काही केल्या माझ्या पैशांत बसत नव्हता. त्यानं खणातून एक वापरलेला काढला. नव्याच्या निम्म्या किमतीत.

"वर्षभरच वापरलाय. मी स्वतः तपासलाय. बिघडला तर जबाबदारी माझी."

"दुकानाची?"

"जुन्या मालाची दुकान हमी देत नाही," तो बोर्डाकडे बघत म्हणाला. "माझी."

मी तो घेतला. रविवारी घरी बसून सगळं जोडलं. सुळ्याला आकार देणाऱ्या हातांना स्क्रूचं काय कौतुक? बटण दाबलं. पंखे भिरभिरले, पडदा उजळला. पहिल्याच फटक्यात. बाबा म्हणाले, "जमलं की तुला." आणि मला रडायला यायचं तेवढं बाकी राहिलं... कारण आता दुकानात जायला निमित्तच उरलं नव्हतं.

आठ दिवस खेळले. खेळात जीव रमेना. नवव्या दिवशी दुकानात फोन लावला.

"सुरूच होत नाहीये हो."

"तिकडून उचलून आणू नका," तो घाईनं म्हणाला. "मी येतो. शनिवारी, चार वाजता."

फोन ठेवल्यावर कळलं, की आता कॉम्प्युटर खरोखरच सुरू न होणारा हवा. शनिवारी साडेतीनला मी कॅबिनेट उघडलं, रॅम अर्धी उपसून ठेवली आणि सगळं पुन्हा बंद केलं. एवढीशी लबाडी. कुणाचं काय जातंय?

चारच्या ठोक्याला बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. बाबांनी त्याला आत घेतलं, वर-खाली न्याहाळलं आणि "चहा टाकतो" म्हणून स्वयंपाकघरात गेले.

त्यानं बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. "हं." मागे हात घालून त्यानं पॉवर बंद केली, कॅबिनेटची बाजू उघडली, आत वाकून बघितलं... आणि जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग रॅम नीट बसवली.

"रॅम हलली होती," तो म्हणाला.

"अय्या, हो?" शाळेच्या नाटकात मला झाडाचं काम का द्यायचे, ते मला तेव्हा नीट समजलं.

त्यानं पुन्हा बटण दाबलं. काहीच नाही. पडदा सोडा, आता पंखेसुद्धा फिरेनात. पुन्हा दाबलं. पुन्हा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"मदरबोर्ड गेला बहुतेक," तो हळूच म्हणाला. चेहरा उतरला होता. "माझ्या शब्दावर घेतलात तुम्ही. सोमवारी नवा आणून बसवतो, खर्च माझा."

आणि मला दिसलं, की हा खरंच भरणार. पगार तो काय असणार त्याचा... आणि चूक माझी.

"नको," मी म्हणाले. "आधी ऐका. रॅम हलली नव्हती. मी काढली, साडेतीन वाजता. कॉम्प्युटर पहिल्या दिवसापासून मस्त चालत होता. पण मग तुमच्या दुकानात यायला कारणच राहिलं नाही, म्हणून मी... मला तुम्ही आवडता. झालं. आता उपसताना बोर्ड गेला असेल तर तो माझ्या हातून गेला. तुम्ही एक पैसाही भरायचा नाही."

आत चहा उकळत होता. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात बाबा कप घेऊन आले. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आमचे चेहरे बघितले, कप ठेवले, टेबलामागे वाकले.

"हे मागचं बटण बंदच ठेवायचं असतं का?"

खट्. मी पुढचं बटण दाबलं. पंखे भिरभिरले, पडदा उजळला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," बाबा म्हणाले, आणि आपला कप उचलून गॅलरीत गेले. जाताना दार ओढून घ्यायला विसरले नाहीत.

माझा जीव भांड्यात पडला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बोर्ड वाचला, शिल्लक वाचली, त्याचा पगार वाचला... आणि मग ध्यानात आलं, की मी जे बोलून बसले ते काही आता परत घेता येणार नाही.

"बटण मीच बंद केलं होतं," तो म्हणाला. कान पुन्हा लाल. "शंभरावर मशिनी जोडल्यात. आजवर एकदाही विसरलो नव्हतो."

"मग आजच कसे विसरलात?"

"रॅम बघितली. ती आपोआप निघत नाही, खटका बोटानं उघडावा लागतो. बघताक्षणी कळलं, की कुणीतरी मुद्दाम काढलीय. मग का काढली असेल... त्याच विचारात राहिलो."

"आणि बोलला नाहीत?"

"चुकीचं समजलो असलो तर?" त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट, न हटता बघितलं. "तुम्ही बोललात ते बरं झालं. मला जमलं नसतं. इस्त्रीच करून आलो फक्त."

चहा गार झाला. आम्हाला पत्ता नव्हता.

निघताना दारात बूट घालता घालता त्यानं विचारलं, "पुढच्या शनिवारी येऊ?"

"का? आता काय बिघडलंय?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "म्हणूनच यायचंय."

इतके दिवस मी त्याला अहो-जाहो करत होते. जीभ जराशी अडखळली, पण मी रेटलं.

"चारला ये."