कपाटातलं हसणं

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच वाचणं थांबवावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही. हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलंय. तेही रात्री-बेरात्री नाही. रविवारी, भर दुपारी, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खाली रस्त्यावर वर्दळ चालू असताना.

गल्लीत त्याला फोटोदादा म्हणतात. ऑफिस सुटलं की कॅमेरा गळ्यात अडकवून हा फिरणार. सलूनवाले काका, किल्लीवाला, लिफ्टवाला... अशा साध्या माणसांचे फोटो काढायचे, खाली दोन ओळी लिहायच्या आणि आपल्या पेजवर टाकायचे. लोकही वेडे. हजारोंनी बघायचे आणि हळहळायचे.

हळहळणारच. त्याच्या फोटोत कुणी हसतच नसे.

ती याची खोड. कॅमेरा पाहून समोरचा हसला, की हा म्हणायचा, "हसू नका. हसलात की खोटं दिसतं." मग त्या माणसाचं हसू ओसरायचं. आणि ते ओसरत असतानाच...

खट्.

"हसऱ्या फोटोला कुत्रंही विचारत नाही गं ताई," असं मला तोंडावर सांगायचा.

स्वतःच्या घरात मात्र हसण्याला तोटा नव्हता. त्याची टिल्ली, पाच वर्षांची, लग्नानंतर फार उशिरा झालेली. गुदगुल्यांसाठी नुसतं बोट दाखवलं तरी खिदळत लोळायची. त्या हसण्यात बापाचा जीव अडकलेला.

सुरुवात सलूनवाल्या काकांपासून झाली. गडगडाटी हसणारा माणूस, फोटो लागल्यापासून गप्प. गिऱ्हाइकांना वाटलं, दाढ दुखत असेल.

मग शिवणकाम करणाऱ्या बाई दारात आल्या. त्यांचाही फोटो त्याने पेजवर टाकला होता.

"दादा, मला नातू झाला. पहिलाच. सगळे हसले, मला हसताच येईना. तोंड उघडतं, पण आतून काही येतच नाही. तो फोटो तेवढा काढून टाका हो."

"बाई, तुमचा तो चेहरा बघून लोक रडलेत," फोटोदादा म्हणाला. "नशीब काढलंत. उगाच नाटकं करू नका."

आणि दार लावून घेतलं. मला त्याचा तेव्हाच राग आला होता.

त्याच संध्याकाळी, कॅमेरा ठेवायच्या लोखंडी कपाटातून...

कुणीतरी हसलं.

गडगडाटी हसणं. त्याने कपाट उघडलं. आत कॅमेरा, एक लेन्स, पुसायचं फडकं. आवाज बंद. दार लावलं... पुन्हा सुरू. आधी काका. मग शिवणवाल्या बाई. मग लिफ्टवाला, तो खोकत खोकत हसायचा ना, अगदी तस्साच.

घाबरला? घाबरला की. पण पेज वाढत होतं. मोह वाईट. हा टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि बसायचा.

पेजवरचे लोक मागे लागले होते. दुसऱ्यांची माणसं दाखवता, तुमच्या घरची कधी? त्या रविवारी शेवटी म्हणाला, "टिल्लीचा पाठमोरा काढतो. चेहरा नाही." मी तिथेच होते, जेवून पेंगत होते. टिल्ली खिडकीशी बसली होती.

तिने मान वळवली. बापाला पाहून तोंडभर हसली.

जिभेला सवय लागलेली.

"हसू नको, बाळा."

खट्.

तिचे ओठ हळूहळू मिटले...

आणि कपाट खिदळलं.

टिल्लीचंच हसणं. पोर समोर, तोंड बंद. कॅमेरा त्याच्या हातात. कपाटात नुसती लेन्स आणि फडकं. त्याने कॅमेरा आपटायला उचलला, तर वहिनीने हात धरला. "अहो, नको. फोडलात आणि तेवढंही गेलं तर?"

त्याने सगळे फोटो पुसले. पेज बंद केलं. शिवणवाल्या बाईंचे पाय धरले. त्या मशीन चालवत राहिल्या.

कशाचा उपयोग झाला नाही. मग रोज तो कपाटाला कान लावून बसायला लागला. निदान ऐकू तरी येतंय, म्हणायचा. वहिनीही शेजारी बसायची.

परवा मी गेले तेव्हा मीही ऐकलं. आधी नेहमीचं खिदळणं. मग जोरात. मग आणखी जोरात. गुदगुल्या केल्यावर मूल श्वास न घेता हसतं, तसं. थांबेचना.

मग बारीक आवाज आला...

"पुरे... पुरे ना..."

फोटोदादाने दार खेचलं. शांत. आत काहीच नाही. लोटलं, की पुन्हा... "पुरे ना..."

आम्ही मागे वळलो. टिल्ली जमिनीवर अंग चोरून बसली होती. दोन्ही हात काखेत गच्च दाबलेले. चेहऱ्यावर हसू नाही, रडू नाही. धाप लागलेली.

"कोण करतंय, बाळा?" बापाने विचारलं. तिला बोलायला श्वासच पुरत नव्हता.

आता ते कपाट उघडंच ठेवतात. उघडं असलं की आवाज येत नाही.

पण टिल्लीचे हात काखेतून निघत नाहीत.