गुंडूचं विरजण

सांगा बघू, परवा मोडून बंद पडलेल्या गुंडूने आज सकाळी स्वतःच येऊन दार कसं वाजवलं?

मैथिलीला हे कोडं मुळीच आवडलं नाही. गुंडू म्हणजे मंगळावरच्या वसाहतीतला त्यांचा घरचा यंत्रमानव. मैथिली रांगत होती तेव्हापासून तो तिला सांभाळायचा. परवा हरितगृहाचं छत कोसळलं, तेव्हा तिला बाहेर ढकलून तो स्वतः आत चिरडला गेला. आणि आता हा नवाकोरा गुंडू दारात उभा राहून म्हणत होता, "मैथिलीबाई, वेणी घालायची ना?"

"तू माझा गुंडू नाहीस!" ती ओरडली.

"तोच आहे," कुमुदआत्या म्हणाली. आत्या वसाहतीतली यंत्रमानवांची डॉक्टर. "त्याची स्मृतिप्रत (सगळ्या आठवणींची उतरवून ठेवलेली नक्कल) माझ्याकडे होती. ती नव्या शरीरात घातली."

"मग निळा सूर्यास्त विचार त्याला!"

मंगळावर सूर्य मावळताना निळसर दिसतो. मागच्या आठवड्यात दोघं टेकडीवर बसून तो पाहून आले होते. पण स्मृतिप्रत त्याच्या आधीची होती. गुंडू हळूच म्हणाला, "मला नाही गं आठवत."

मैथिलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आत्याने तिची समजूत वगैरे घातली नाही. हातात वाटी दिली. "कालच्या गडबडीत सगळं दही खाऊन टाकलं आपण. विरजण राखायचं कुणाला सुचलंच नाही. साळवेकाकूंकडून घेऊन ये, जा."

मैथिली गाल फुगवून गेली आणि वाटी घेऊन आली.

"हे काकूंकडे कुठून आलं?" आत्याने विचारलं.

"आपल्याकडूनच की. आजीने पृथ्वीवरून आणलेलं."

"आजीच्या त्या दह्यातला एक थेंब तरी असेल यात?"

मैथिली विचारात पडली. दूध रोज नवं. त्यातले जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे इवलेसे सजीव) तेही नवे. जुने मरतात, पण आधी आपल्यासारखे नवे तयार करून जातात. "थेंब नसेल. पण दही आजीचंच आहे!"

"शाब्बास! तुझ्या कातडीच्या पेशीही (शरीराच्या बारीक विटा) सारख्या बदलतात, तरी तू मैथिलीच. आपण कोण, ते नुसत्या शरीरावर ठरत नाही. आपल्यातलं जे पुढे चालत राहतं, त्यावर ठरतं."

"पण काकूंचं दही आंबट असतं."

"त्यांचं घर जास्त उबदार ना! वेगळी झाल्यापासून दोन्ही दही आपापल्या वाटेने गेली. गुंडूचंही तसंच. स्मृतिप्रत घेतल्यानंतरचे दिवस जगलेला गुंडू मात्र गेला, मैथिली. त्याचं वाईट वाटणारच. मलाही वाटतंय."

मैथिली वाटीकडे बघत राहिली. आपल्या घरातलं संपलं, तरी काकूंकडे होतं. ती उठली आणि गुंडूसमोर जाऊन बसली.

"तो सूर्यास्त माझ्याकडे आहे. ऐक." मग तिने टेकडी, शिरस्त्राणाच्या काचेवर बसलेली धूळ, तिच्या बुटांना चिकटलेली वाळू, सगळं सांगितलं. "आणि तू म्हणालास, सूर्य शाई सांडून पळाला."

गुंडूने मान तिरकी केली. "पळाला कुठे, हे नाही विचारलं मी?"

मैथिली खुदकन हसली. प्रत्येक गोष्टीला असं शेपूट जोडायची खोड गुंडूचीच.

"नाही विचारलंस," म्हणत ती वेणीसाठी त्याच्याकडे पाठ करून बसली. "आज संध्याकाळी टेकडीवर जाऊ ना, तेव्हा विचार."