राखेखालच्या फुल्या

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे सरितामामी जागची उठली. कमळूआजा हातातल्या कागदाकडे बघत बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं. दिपालीने तो कागद दोनदा वाचून दाखवला होता, आणि तिसऱ्यांदा वाचायचं तिच्या जिवावर आलं होतं.

ती किन्हवलीहून मे महिन्याच्या सुट्टीत डोळखांबकडच्या पाड्यावर, मामाच्या घरी आली होती. वनखात्याच्या त्या कागदात लिहिलं होतं की, कमळू यांनी राखीव जंगलात राब भाजला आणि त्यासाठी एकेचाळीस झाडं तोडली. आज तीन वाजता वनरक्षक बाई पंचनाम्यावर आजाचा अंगठा घ्यायला वर डोंगरावर येणार होत्या. अंगठा दिला की गुन्हा कबूल. मग किती खेटे घालून मिळालेला शेताच्या हक्काचा पट्टाही जाईल, अशी मामीला धास्ती.

"आजा, तू तोडलीस?" मामीच्या सात वर्षांच्या राहीने सरळ विचारून टाकलं.

तिचा मोठा भाऊ भगीरथ तिला दटावणार होता, पण आजाने तिला जवळ ओढलं. तिच्या परकराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत तो म्हणाला, "नाय गो बाय."

दिपालीचे कान तापले. ती भगीरथला म्हणाली, "ऊठ. आपण बघून येऊ. कागद लिहिणारे तरी वर गेले होते का, ते कळू दे."

राहीला नेणार नव्हते, पण ती आधीच वाटेला लागली होती.

वर पोचल्यावर भगीरथने चहूकडे पाहिलं. ओळखीचं जंगल तिथे नव्हतंच. नुसता उघडा उतार, त्यावर राखेचे काळे पट्टे, आणि पट्ट्यांतून वर आलेले जळके बुंधे.

"याला राब म्हणतात?" तो दात खात म्हणाला. "आजा काय दगडावर भात लावणार?"

राब भाजतात तो शेतात, भाताची रोपं जिथे वाढवायची त्या तुकड्यावर. खाली शेण, त्यावर डहाळ्या आणि पाला, मग गवत, आणि सगळ्यांवर माती, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. डहाळ्या उतरवताना झाडाचा शेंडा राखायचा, हे पाड्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. पुढच्या वर्षी पाला त्याच झाडाने द्यायचा असतो. इथे शेण नाही, माती नाही, आणि झाडं बुडापासून गेलेली.

दिपालीने वही काढली. भगीरथ बुंध्याची उरलीसुरली साल बघून नावं सांगू लागला. मगरीच्या पाठीसारखी साल, तो ऐन. कापाशी रक्तासारखा लाल डिंक गोठलाय, तो बिवला. मग हेद, धामण, शिवण, कळंब. बुंधे एकेचाळीस भरले आणि जाती चौदा. एका बुंध्याशी मात्र तो खालीच बसला.

"मोह आहे, दिपे. मोहाला आमच्यातला कोण कुऱ्हाड लावील?"

त्याची फुलं अख्खा पाडा वेचायचा. दिपालीने 'मोह' इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं.

उताराच्या पायथ्याशी काळ्या पिशव्यांतली रोपं रांगेत मांडली होती. राही वाकून एकेकाचं पान बघत गेली आणि म्हणाली, "सगळी जुळी भावंडं आहेत." खरंच, सगळा सागच होता. डोंगरावर रोपं लावायचं काम एका ठेकेदाराने घेतलंय, हे पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. रोपं लावायला उघडी जागा हवी. ती नव्हती, म्हणून त्याने करून घेतली. लाकूड गेलं त्याच्या गाडीतून, आणि नाव लागलं आजाचं!

पण हे पटवायचं कसं? तेवढ्यात भगीरथ राहीवर खेकसला, कारण ती राखेत काठीने रेघोट्या ओढत होती. दिपालीने तिच्या पायाशी पाहिलं. उकरलेल्या राखेखाली चुन्याची पांढरी फुली होती. मोकळ्या जमिनीवरही तशाच फुल्या होत्या, चार-चार पावलांवर, खड्ड्यांसाठी मारलेल्या. ती रांग सरळ राखेखाली शिरत होती.

"झाकून टाक," दिपाली हळूच म्हणाली. "होती तशी झाक."

तीन वाजता वनरक्षक नेहामॅडम आल्या. सोबत पांढऱ्या बुटांतला ठेकेदार आणि शाईची डबी. आजा आणि मामी खाली मान घालून मागे उभे होते. ठेकेदार म्हणाला की, पोरांना आधी घरी पाठवा. दिपालीने अगदी गोड आवाजात विचारलं, "काका, सुट्टीचा अभ्यास आहे, एकच प्रश्न. खड्ड्यांच्या खुणा तुम्ही राबाच्या आधी केल्या की नंतर?"

"नंतर," तो रुबाबात म्हणाला. "यांनी सगळं जाळून ठेवल्यावर आम्ही इथे पाय ठेवला."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. मग भगीरथने हाताने राख बाजूला सारली. एक फुली. चार पावलं पुढे दुसरी. तिसरी राहीने शोधली.

ठेकेदाराने फोन काढला, पण तिथे रेंज नव्हती.

"बाई," आजा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला पोरांनी कधी ऐकला नव्हता. "माझ्या नावाचा कागद लिवलास तवा वर आलतीस काय?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी रस्त्यावरूनच, ठेकेदार सांगेल तसं लिहिलं होतं, आणि ते त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. शाईची डबी बंद झाली. नवा पंचनामा तिथेच दगडावर बसून लिहिला, फुल्यांसकट, ठेकेदाराच्या नावाने. दिपालीची वही मागून घेत त्या म्हणाल्या, "हे काम माझं होतं. ते तुम्ही केलंत." मामीने तिघांच्या राखेने माखलेल्या तोंडांवरून पदर फिरवला. वहीत आहेत तितक्या जाती इथे परत लावायच्या, असं मॅडमनी पंचनाम्याच्या खालीच लिहून टाकलं.

"तेराच लागतील, चौदावं नाय," आजा म्हणाला, आणि एका बारक्या बुंध्यापाशी थांबला. तो टेटू होता. त्याच्या शेंगा तलवारीएवढ्या लांब, आणि आतलं बी कागदासारखं पातळ, वाऱ्यावर फुलपाखरासारखं उडणारं. लाकूड कसल्या कामाचं नाही. वाटेत होता म्हणून कापला. या डोंगरावर तो एकच उरला होता. दुसरा आजाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

राहीने बुंध्यावर हात ठेवला आणि मॅडमकडे मान वर करून बघितलं.

"मग याचं बी कुठनं आणायचं?"