रिकाम्या चौकोनांचा निरोप

चेर्नो सैकू बारीचं डोकं त्याच्याच छापखान्यात फोडलं गेलं. कागद कापायच्या यंत्राचा लोखंडी दांडा शेजारीच पडला होता. एका घावातही काम भागलं असतं. मारणाऱ्याचं भागलं नव्हतं.

हे घडलं बुधवारी, दिवस मावळताना. गुरुवारी सकाळी त्याची विधवा, रुगियातू, शोधकाम करणाऱ्या दियाराय जालोच्या अंगणात येऊन उभी राहिली. विधवेनं पहिल्याच दिवशी उंबरठा ओलांडायचा नसतो, हे आमच्या लाबे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. दियारायनं चहाची किटली खाली ठेवली.

"ताई, लोक यूनुस्साला जाळणार आहेत, माझ्या नवऱ्याच्या जोडीदाराला. ठाण्याबाहेर टायर आणून ठेवलेत. पेट्रोलसुद्धा."

"त्यानं मारलं नाही म्हणतेस?"

"तो कोंबडी कापताना तोंड फिरवतो."

"हे जमावाला सांगू?"

"जमावाला काहीही सांगा. माझा नवरा गेला तो गेलाच. पण भलत्याच माणसाची राख माझ्या दारात नको."

दियाराय पूर्वी सरहद्दीवर जकात नाक्यावर होती. माणूस पिशवीत काय आहे हे जितकं जास्त सांगतो, तितकी पिशवी नीट तपासावी, एवढं तिथं शिकली आणि नोकरी सोडली. आता ती हरवलेली गुरं आणि हरवलेले नवरे शोधून देते. गुरं जास्त सापडतात. ओरी बाह तिचा सोबती. मोटरसायकल त्याची, डोकं तिचं, असा करार. आणि दोघांनाही तो आपल्याच फायद्याचा वाटतो.

"ऊठ रे बाह. तुमच्या कुळाला जेवणाखेरीज काही कळत नाही, पण रस्ता तरी कळतो ना?"

"कळतो की. जालो लोकांना गुरांमागून आम्हीच तर रस्त्यावर आणलं," ओरी म्हणाला. जालो आणि बाह या कुळांनी एकमेकांना टोचायचंच असतं. प्रेत घरात असलं तरी सूट नाही. मग त्यानं गाडीला किक मारली. "चांगला माणूस होता. मागच्या महिन्यात पोरीच्या बारशाचं आमंत्रण धाडलं होतं मला, आपल्या भाषेच्या त्या नव्या लिपीत, जी तो शिकवायचा. माझ्या फोनवर नुसते रिकामे चौकोन. विटांची भिंत! मी म्हटलं, मास्तर घर बांधतायत की काय."

"मग बारशाला गेलास?"

"कशाचं आहे तेच कळलं नाही. नंतर समजलं, बकरा कापला होता."

छापखान्यात रक्त वाळून काळं पडलं होतं. कागदाचे गठ्ठे खालच्या बाजूनं लाल झाले होते. छपाईयंत्र उघडं होतं, त्याचा रूळ अर्धा पुसलेला.

"तो रूळ साफ करत होता," दारातून रुगियातू म्हणाली. "रात्री प्रेताला न्हाऊ घालताना मनगटापर्यंत शाई होती. आम्ही घासघासून थकलो. तसाच पुरला."

ठाण्यात कॅप्टन कामारा भेटला, किनाऱ्याकडचा. त्याच्याकडे मोजून चार शिपाई, आणि बाहेर अख्खा बाजार. त्यानं चेर्नोचा फोन पुढं केला. "छापखान्यात फळीवर होता. कुलूप नाही."

"कुलूप लावत नसे तो," रुगियातू म्हणाली. "वर्गातली पोरं त्याच्यावरच लिहायला शिकतात."

दियारायनं फोन उजेडात धरला. काच स्वच्छ होती, पाठही. शेवटचा निरोप मावळतीच्या वेळचा. आमच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, नीटस.

"मला तर मुंग्यांची रांग दिसते," कॅप्टन म्हणाला. "इमामसाहेबांनी वाचून दिलं. 'यूनुस्सा लोखंड घेऊन आलाय. मला मारेल. लवकर ये.' धाडलाय मेहुण्याला, या बाईंच्या भावाला, अल्सेनीला. तो धावत आला तेव्हा सगळं संपलं होतं."

"चेर्नो फ्रेंच अक्षरांत कधी लिहायचा का?"

"न लिहायची शपथ होती त्याची," रुगियातू म्हणाली. "वाण्यालाही आपल्याच लिपीत लिहायचा. वाण्याला वाचता यायचं नाही. मग स्वतः जाऊन वाचून दाखवायचा."

यूनुस्सा कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. डावा हात कोपराच्या खाली भलत्याच दिशेला वळला होता. एक कान फाटला होता. बोलताना तोंडातून रक्त येत होतं.

"भांडलास का त्याच्याशी?"

"भांडलो. आम्ही दोघांनी मिळून एक प्रोग्रॅम बनवला होता. फोन कितीही जुना असू दे, आपली अक्षरं उमटतील. नव्या फोनवर ती आपोआप दिसतात, जुन्यावर चौकोन येतात. तो म्हणाला, शुक्रवारी मशिदीबाहेर सगळ्यांना फुकट वाटू. मी म्हटलं, एक आठवडा थांब, दोन अक्षरं जोडताना अडकतायत."

"एवढ्यावरून?"

"आम्ही स्वल्पविरामावरूनही भांडायचो, ताई."

"फुकट वाटायला आणखी कोणाची ना होती?"

त्यानं तोंडातलं रक्त पुसलं. "अल्सेनीदादाची. त्यानं राजधानीतल्या, कोनाक्रीच्या एका फोनवाल्याला तो विकायचा शब्द दिला होता. चेर्नो हसला नुसता. बाजारात, चारचौघांत."

"काल संध्याकाळी कुठं होतास?"

"घरी. ताप होता. एकटाच."

बाहेर एक दगड पत्र्यावर आदळला.

अल्सेनी जमावाच्या पुढं होता. निळा झगा, सुजलेले डोळे. कापडाचा व्यापारी तो. दुःखही अंगाला बरोबर बसेल असं बेतलं होतं. लोक त्याला पाणी देत होते.

"दादा, निरोप आला तेव्हा कुठं होतात?"

"दुकानात. कापड कापत होतो. फोन वाजला, वाचलं. 'यूनुस्सा लोखंड घेऊन आलाय. मला मारेल. लवकर ये.' कात्री टाकली आणि पळालो. दुकान उघडंच राहिलं."

"कोणाकडून वाचून घेतलंत?"

"मी? चेर्नोच्या पहिल्या वर्गात मीच बसलो होतो. माझी अक्षरं त्याच्याहून सुरेख."

"दुसऱ्या कोणाला दाखवलात? दुसऱ्या फोनवर पाठवलात?"

"वेळ होता का, बाई? याच फोनवर वाचला. तेव्हापासून हातातून सुटलेला नाही." रबरानं बांधलेला फोन त्यानं छातीशी धरला.

ओरीनं मान वाकवली. "अरे, हा तर माझ्या फोनचा सख्खा भाऊ."

"चांगला होता तो रमजानात चोरीला गेला," अल्सेनी म्हणाला. "तोवर हा."

दियारायनं त्या फोनकडे एकवार पाहिलं आणि ती ठाण्याकडे वळली. 

दुपारच्या नमाजानंतर जमाव फाटकावर चालून आला. शिपायांनी हवेत गोळी झाडली, कोणी हललं नाही. तोवर जमावातल्या दोघांनी आत घुसून यूनुस्साला मोडक्या हाताला धरूनच ओढत पायरीपर्यंत आणलं होतं. तो ओरडला, तो आवाज माणसाचा वाटला नाही. एका टायरमध्ये पेट्रोल ओतलं गेलं. एक दगड ओरीच्या कपाळावर बसला आणि रक्त डोळ्यांत उतरलं. तरी त्यानं मोटरसायकल आडवी घालून वाट अडवली.

दियाराय पायरीवर चढली. "जाळायचंच असेल तर नीट जाळा. आधी मेलेल्याचा निरोप ऐका. इमामसाहेब, तुम्ही वाचा. पण ज्याला आला, त्याच्या फोनवरून वाचा."

अल्सेनी जागचा हलला नाही. कोणीतरी त्याच्या हातातून फोन घेऊन पुढं दिला. इमामांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला.

"यात काही नाही. चौकोन आहेत. नुसते रिकामे चौकोन."

"विटा," डोळा पुसत ओरी म्हणाला. "माझ्या फोनवरच्यासारख्या."

"कालपासून हा फोन याच्याच हातात आहे," दियाराय म्हणाली. "निरोप दुसऱ्या कोणाला दाखवला नाही, हे मला यानंच सांगितलं. मग हा वाचला कसा? शब्द तर एकही चुकत नाही."

"कोणीतरी सांगितलं असेल," अल्सेनी म्हणाला.

"तर मग दुकान उघडं टाकून कशासाठी धावलात? चौकोनांसाठी? आता दुसरी गोष्ट. चेर्नोचे हात मनगटापर्यंत शाईत होते. धुऊनही निघाली नाही. त्याच्या फोनवर शाईचा ठिपका नाही. हा निरोप त्यानं लिहिलाच नाही. त्याला मारल्यावर दुसऱ्यानं लिहिला. यूनुस्सा स्वतःचं नाव घालून लिहील? नाही. ज्यानं लिहिला त्याला ही लिपी येते. फ्रेंच अक्षरांत लिहिलं तर चेर्नोची शपथ आठवून लोक थबकतील, हे तो जाणतो. आणि मजकूर त्याला पाठ आहे. आपण स्वतः लिहिलेला निरोप उघडून बघायची गरज कोणाला पडते? अल्सेनीदादाला पडली नाही. उघडला असता, तर चौकोन दिसले असते आणि मला सांगायला दुसरी गोष्ट तयार झाली असती."

अल्सेनीच्या झग्यातून कापडाची कात्री निघाली. तो दियारायकडे नाही, बहिणीकडे धावला. "तूच आणलीस हिला!" कॅप्टनच्या बंदुकीचा दस्ता त्याच्या जबड्यावर बसला. दात पायरीवर सांडले.

"सगळ्या बाजारासमोर हसला तो मला," रक्त थुंकत तो म्हणाला. "फुकट वाटणार होता. फुकट!"

"दोनच दिवस थांबायचं होतंस," दियाराय म्हणाली. "फुकटातला एक तुझ्याही फोनात गेला असता. आज हा निरोप वाचता आला असता, आणि मी तोंडघशी पडले असते."

जमावानं तोच टायर उचलला आणि अल्सेनीकडे वळला. जमावाचं असंच असतं. खातं बदलतं, रक्कम तीच राहते. रुगियातू भावाच्या पुढं आडवी उभी राहिली. तिच्या हाताला कात्री लागली होती आणि पांढऱ्या कपड्यावर रक्त ठिबकत होतं.

"एक प्रेत मी पुरलंय. दुसरं न्यायाधीश ठरवेल. टायर घरी न्या."

तिच्यापुढून टायर नेण्याची कोणाची छाती झाली नाही.

शुक्रवारी यूनुस्सा हात गळ्यात बांधून मशिदीबाहेर बसला. अडकणारी दोन अक्षरं तशीच अडकत होती. तो प्रत्येकाची आधीच माफी मागत होता. कपाळाला पट्टी बांधलेला ओरी रांगेत उभा राहिला. प्रोग्रॅम फोनात गेला. त्यानं जुना निरोप उघडला. चौकोन गेले होते, त्यांच्या जागी अक्षरं आली होती. ती त्याला तरीही वाचता येईनात. त्यानं मुकाट्यानं फोन दियारायपुढं धरला.

ती वाचत गेली. "'ओरी बाह, रविवारी लेकीचं बारसं. हे वाचता आलं तर जेवायला ये. नाही आलं तर शिकायला ये.'"

ओरीनं फोन खिशात ठेवला. मग यूनुस्साकडे वळून म्हणाला, "मास्तर, वर्ग कधी भरतो?"