बोटीतली चौथी

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट तरी धड केला असता.

जिच्यावर हे बेतलं ती माझी आतेबहीण. घरात तिला सगळे टिटवी म्हणतात. तान्ही असताना ती रडायला लागली की शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे, तेव्हापासूनचं नाव. हे घडलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. जागा म्हणाल तर समुद्रात नांगर टाकून उभं असलेलं एक मोठं क्रूझ जहाज.

आणि वेळ रात्रीची नव्हती. लख्ख ऊन होतं.

मला त्याचीच जास्त भीती वाटते.

त्या वर्षी आमची आजी गेली. टिटवीच्या आईची आई. ती गेल्यापासून टिटवीच्या आईनं हसणंच सोडलं होतं. स्वयंपाक करायची, ऑफिसला जायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. बस्स. शेवटी बाबांनी ठरवलं, सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचं. आई, बाबा, कॉलेजात जाणारी ताई आणि टिटवी.

टिटवीची एकच अट होती. आधी शर्यत, मग ट्रिप.

शाळेच्या रिले संघात शेवटचा टप्पा तिचा होता. वर्षभर पहाटे उठून मैदानावर घाम गाळला होता पोरीनं.

"हो गं बाई, शर्यतीनंतरच जाऊ," आई म्हणाली होती.

मग एका संध्याकाळी आई तिच्या खोलीत आली. "तुझ्या सरांचा फोन होता. शर्यत पुढं ढकलली. बॅग भर, उद्या निघायचंय."

टिटवीनं आनंदानं उडी मारली. ताईनं तिला बॅग भरायला मदत केली.

जहाज सुटलं. किनारा मागं पडायला लागला. रेलिंगला टेकून टिटवी फोटो काढत होती, तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज आला.

'तू आजारी आहेस असं तुझ्या आईनं सरांना कळवलं. तुझ्या जागी दुसरीला घेतलंय. उद्या पळतोय आम्ही. लवकर बरी हो.'

तिनं तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मग फोन आईसमोर धरला.

"हे खरंय?"

आईनं नजर चुकवली. "तिकिटं याच तारखांची मिळत होती. एक शर्यत तर होती. पुढच्या वर्षी पळ."

"तू मला खोटं सांगितलंस."

"हळू बोल. लोक बघतायत."

टिटवीनं बाबांकडे पाहिलं. ते समुद्राकडे बघत होते. तिनं ताईकडे पाहिलं. ताईला बुटाची नाडी बांधायची आठवण झाली.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तिला सोडून.

त्यानंतर टिटवीनं तोंडाला कुलूप घातलं. जेवायला बसायची, पण कुणाशी अवाक्षर बोलायची नाही. बोललीच तर असं काही बोलायची की सगळ्यांच्या घशात घास अडकावा. आईनं समजूत काढायला जहाजावरच्या दुकानातून तिच्यासाठी पिवळा फ्रॉक आणला. टिटवीनं तो किमतीच्या चिठ्ठीसकट कपाटात टांगून ठेवला. "लाच नकोय मला," म्हणाली.

मग एके दिवशी जहाज एका बेटाजवळ थांबलं. लोकांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेणार होते. टिटवीनं पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

"मी येत नाही."

बाबा चिडले, ताईनं हात जोडले. काही उपयोग झाला नाही. शेवटी तिघंही बाहेर पडली. दार लागलं. आणि दारापलीकडून आईचा आवाज आला.

"नाही आली तेच बरं झालं. एक दिवस तरी शांततेत जाईल."

टिटवीनं ते ऐकलं. उशीत तोंड खुपसून ती रडत राहिली.

जहाजाची इंजिनं बंद होती. इतके दिवस पायाखाली सतत घुमणारा आवाज थांबला होता. सगळीकडे शांतता.

आणि मग... कपाटात हँगर वाजला.

टिण्ण.

जहाज हलत असेल, असं तिला वाटलं.

पण जहाज हलत नव्हतं.

पुन्हा... टिण्ण. मग कापडाची सळसळ. कुणीतरी घाईघाईनं कपडे घालावेत तशी.

"ताई?" तिनं उशीतूनच विचारलं.



खट्. केबिनचं दार उघडलं... आणि लागलं.

टिटवीनं डोकं वर काढलं. खोलीत कुणी नव्हतं. कपाट मात्र सताड उघडं होतं. रिकामा हँगर अजून झुलत होता.

पिवळा फ्रॉक नव्हता.

ताईच घेऊन गेली असणार, असं म्हणत ती तणतणत बाहेर आली. लांबच लांब कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना बंद दारं. केबिन साफ करणारा माणूस चादरींची गाडी घेऊन उभा होता. तिला बघून तो चक्रावला.

"अगं, तू परत कधी आलीस?"

"मी गेलेच नव्हते."

"चेष्टा करतेस होय म्हाताऱ्याची? आत्ता तर लिफ्टकडे पळालीस. पिवळा फ्रॉक घालून. मी म्हटलं, चला, रुसवा गेला एकदाचा." तो हसला. मग त्याची नजर तिच्या चुरगळलेल्या टी-शर्टवर गेली. रडून सुजलेल्या डोळ्यांवर गेली.

त्याचं हसू हळूहळू विरलं.

"मग ती कोण होती?" तो हळूच म्हणाला.

टिटवी पळाली. लिफ्टसाठी थांबलीच नाही. जिने चढून डेकवर आली आणि रेलिंगवर वाकली.

खाली छोटी बोट नुकतीच सुटली होती. मागच्या बाकावर तिला बाबांची टोपी दिसली. ताईची वेणी दिसली. आई दिसली.

आणि आईला खेटून बसलेली... पिवळ्या फ्रॉकमधली एक मुलगी.

आईचा हात तिच्या खांद्यावर होता.

"आई!" टिटवी ओरडली. जीव खाऊन ओरडली. "आई, मी इथं आहे!"

बोटीतल्या कुणीही मान वळवली नाही.

फक्त तिनं वळवली.

टिटवी सांगते, आरशात बघावं तसं वाटलं. तेच कपाळ, तेच नाक. त्या मुलीनं तिच्याकडे शांतपणे पाहिलं. मग मान फिरवली... आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

टिटवीनं बाबांना फोन लावला. वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला. वाऱ्याचा घोंघाट ऐकू आला. लांबून आईचं हसणं ऐकू आलं. आई खळखळून हसत होती.

"बाबा? बाबा, ती मी नाहीये!"

मग पलीकडून आवाज आला.

"राँग नंबर."

तो टिटवीचाच आवाज होता.

त्यानंतर तिनं किती फोन केले, गणती नाही. एकही उचलला गेला नाही. जहाजावरच्या मदत-काउंटरवर गेली, तर तिथली बाई गोड हसून म्हणाली, "संध्याकाळी येतीलच की घरचे." काय सांगणार? माझ्या घरच्यांबरोबर मीच गेलेय म्हणून?

ती उतरायच्या जिन्यापाशीच बसून राहिली. पाण्याचा घोटही घेतला नाही.

ऊन कललं तेव्हा बोट परत आली. टिटवी उठून उभी राहिली. आधी बाबा वर आले. मग ताई. मग आई.

आईच्या मागं... कुणीच नव्हतं.

"अगं, तू पुढं कधी पळालीस?" आई म्हणाली. तिचे गाल उन्हानं लाल झाले होते. ती दहा वर्षांनी लहान दिसत होती. "आत्ता तर शेजारी होतीस. आणि कपडे कुठं बदललेस?"

"मी नव्हते तुमच्याबरोबर. दिवसभर इथंच होते. आई, ती मी नव्हते!"

"पुन्हा सुरू झालं का तुझं?" बाबांचा आवाज चढला. "इतका छान दिवस गेला. किती शहाण्यासारखी वागलीस. आता जाता जाता नाट लावू नकोस."

"केबिन साफ करणाऱ्या काकांना विचारा!"

"बास!"

आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "रागावू नका हो. दमली असेल. दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. कित्येक वर्षांनी." तिचा आवाज भरून आला. "मला म्हणाली, आई, मी तुझ्यावर कधीच रागावणार नाही."

टिटवी आईच्या हाताखालून मागं सरकली.

केबिनमध्ये आल्याआल्या तिनं कपाट उघडलं. फ्रॉक हँगरवर होता. किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

फक्त... त्याच्या घेरातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

परतीच्या वाटेवर जहाजाच्या फोटोवाल्यानं किनाऱ्यावर काढलेले फोटो भिंतीवर लावले. त्यांचाही होता. चौघांचा. आई, बाबा आणि ताईचे डोळे उन्हानं बारीक झाले होते. चौथीचे डोळे मात्र टक्क उघडे होते. सूर्य समोर असून.

"आई, नीट बघ," टिटवी म्हणाली. ओरडली नाही, गयावया केली. "ही मी वाटते तुला?"

आईनं फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. टिटवी शपथेवर सांगते, त्या वेळी आईचा चेहरा बदलला. तिला काहीतरी दिसलं.

मग आई हळूच म्हणाली, "असू दे. छान आलाय."

आणि तिनं तो विकत घेतला.

आजही तो त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. मी जाते तेव्हा त्याच्याकडे पाठ करून बसते.

टिटवी बारावीनंतर हॉस्टेलला गेली ती फारशी घरी आलीच नाही. पुढे ताईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तेव्हा सामान बांधायला मात्र आली. मीही होते मदतीला. भर सकाळी आम्ही तिघी स्वयंपाकघरात भांडी कागदात गुंडाळत बसलो होतो. गप्पा चालू होत्या. मध्येच टिटवीनं हातातला पेला खाली ठेवला.

"ताई, एक विचारू? तुलाही नव्हतं कळलं?"

ताईचे हात थांबले. कुठल्या दिवसाबद्दल, हे तिनं विचारलं नाही.

"बोटीत बसल्याबसल्याच कळलं होतं," ती म्हणाली. "ती आपणहून हसायचीच नाही. आधी आमच्या तोंडाकडे बघायची. आम्ही हसलो की मग हसायची."

"आणि तू गप्प बसलीस?"

"आई हसत होती गं." ताईचे डोळे भरले. "आजी गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि तू... तू कशी वागत होतीस तेव्हा, आठव ना."

टिटवीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"परत येताना जहाज जवळ आलं," ताई खालच्या मानेनं सांगत होती. "आई-बाबा पुढं बघत होते. तेव्हा तिनं माझा हात धरला. माझ्या कानाशी आली. म्हणाली, मी येऊ का वर? तिच्याऐवजी?"

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. तेवढाच आवाज.

"मग?" टिटवीनं विचारलं. "तू काय म्हणालीस?"

ताईनं पुढचा कागद ओढला. एक वाटी घेतली. गुंडाळायला लागली.

"ताई, तू काय म्हणालीस तिला?"

ताईनं वर पाहिलंच नाही.

टिटवी उठली. चपला घातल्या आणि निघून गेली. त्या दोघी आजतागायत एकमेकींशी बोललेल्या नाहीत.

मी नंतर एकदा ताईला एकटीला गाठून विचारलं. तिनं मला एवढंच सांगितलं...

"बोटीतल्या त्या मुलीनं अजून विचारायचं थांबवलेलं नाही."